सांगलीत चहाचे दुकान टाकताना

चहाचे दुकान हा कमी भांडवलाचा आणि म्हणून सोपा धंदा आहे, अशा समजुतीने कितीतरी जण त्यात उतरतात आणि वर्ष पुरे होण्याआधीच शेगडी आणि पातेली विकायला काढतात. भांडवल कमी लागते हे खरे आहे. मात्र या धंद्यात गिऱ्हाईक दिवसातून दोनदा येते, आणि दोन्ही वेळा पहिल्या घोटाला आपली परीक्षा घेते. कापडाच्या दुकानात साडी मनासारखी निघाली नाही तर त्याची तक्रार पुढच्या सणाला कानावर येते. सकाळचा चहा पांचट झाला तर तेच गिऱ्हाईक संध्याकाळी समोरच्या टपरीवर उभे दिसते. विश्रामबागेत काही वर्षे स्वतः हे दुकान चालवल्यानंतर माझे मत असे बनले आहे की ठरलेल्या वेळी उघडणारे दुकान आणि रोज त्याच चवीचा चहा, एवढ्या दोन गोष्टी सांभाळता आल्या तर बाकीच्या चुका निभावून जातात. नवख्याने कोणत्या क्रमाने काय करावे, ते या दोन गोष्टी डोळ्यांसमोर ठेवूनच पुढे मांडले आहे.

जागा ठरवण्याआधी तिथे उभे राहावे

भाडेकरारावर सही करण्यापूर्वी त्या जागेसमोर निदान चार दिवस, त्यातला एक रविवार धरून, पहाटेपासून रात्री दुकाने बंद होईपर्यंत थोडा थोडा वेळ उभे राहावे आणि वहीत माणसे मोजावीत. रस्त्यावरची वर्दळ मोजून फारसा उपयोग होत नाही, कारण सांगली-मिरज रस्त्यावरून हजारो गाड्या जातात, पण त्यांतली थांबते एखादीच. थांबणारी माणसे कोण आहेत, ती कोणत्या वेळी थांबतात, गाडी कुठे लावतात आणि किती वेळ रेंगाळतात, हे टिपावे. दुकानाची वेळ, चहाचा कडकपणा आणि बाकड्यांची संख्या या टिपणावरूनच ठरते.

आपल्याकडे भागाभागाची तऱ्हा निराळी आहे. मार्केट यार्डात हळद, गूळ आणि बेदाण्याच्या सौद्यांमुळे सकाळपासून व्यापारी, अडते, हमाल आणि ट्रकचालक यांची गर्दी असते. त्यांना कडक, गोड आणि झटपट हातात येणारा चहा लागतो, आणि सौदे थंडावले की तिथली विक्रीही थंडावते. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत पाळी सुटण्याची वेळ हाच बाजार असतो, त्यामुळे तिथे दहा मिनिटांत साठ कप देण्याची तयारी ठेवावी लागते आणि नंतर तासभर माशा मारत बसावे लागते. मिरजेत दवाखान्यांच्या आसपास रुग्णांचे नातेवाईक रात्री-अपरात्री येतात. त्यांना चहाबरोबर गरम दूध, बिस्किटे आणि टेकायला जागा हवी असते. महाविद्यालयांजवळ मुले ‘वन बाय टू’ मागून अर्धा तास बसतात. त्यावर चिडणाऱ्याने तिथे दुकान टाकू नये, कारण तीच मुले परीक्षेच्या दिवसांत रोज चार वेळा येतात. निव्वळ राहत्या वस्तीत पहाटे फिरायला जाणारी मंडळी, निवृत्त माणसे आणि संध्याकाळी कामावरून परतणारे असा दोन टोकांचा धंदा होतो, आणि दुपार जवळजवळ रिकामी जाते. ती दुपार सामान आणायला आणि भांडी घासायला उपयोगी पडते, म्हणून ती तोट्यात धरू नये.

सांगलीत जागा पाहताना आणखी एक चौकशी करावीच लागते, आणि ती कृष्णेची आहे. आयर्विन पुलाजवळ पाण्याची इशारा पातळी ४० फूट आणि धोक्याची पातळी ४५ फूट धरली जाते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते, आणि त्याआधी २००५ मध्ये व नंतर २०२१ मध्येही शहराच्या जुन्या भागात पाणी शिरले होते. गावभाग, मारुती चौक, हरभट रोड या बाजूची जागा स्वस्त मिळत असेल किंवा चालू धंद्याची असेल, तर शेजारच्या जुन्या दुकानदाराला भिंतीवरची पाण्याची खूण दाखवायला सांगावे. तो ती लगेच दाखवतो. अशा जागेत धंदा करू नये असे मी म्हणणार नाही, कारण शहरातले जुने गिऱ्हाईक तिथेच आहे. मात्र विजेची जोडणी उंचावर घ्यावी, साखर आणि चहाची पोती जमिनीवर ठेवू नयेत, आणि पाऊसकाळात दीड-दोन तासांत हलवता येईल एवढेच सामान दुकानात ठेवावे.

पाणी, सांडपाण्याची वाट आणि दुपारचे ऊन या तीन गोष्टी घरमालकासमोरच तपासाव्यात. पश्चिमेकडे तोंड असलेल्या दुकानात एप्रिल-मेच्या संध्याकाळी कुणी बसत नाही.

कागदपत्रे

या कामाचा बाऊ करू नये आणि ते टाळूही नये. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ नुसार चहाच्या गाड्यालाही नोंदणी आवश्यक असते. लहान व्यवसायासाठी परवान्याऐवजी साधी नोंदणी पुरते, अर्ज ऑनलाइन भरता येतो, आणि मिळालेला १४ अंकी क्रमांक दुकानात दिसेल असा लावावा लागतो. एक-दोन कामगारांच्या दुकानाला दुकाने व आस्थापना कायद्याखाली पूर्ण नोंदणीऐवजी ऑनलाइन सूचना देऊन पावती घेता येते. दुकानावरचा फलक देवनागरी लिपीत मराठीत असणे बंधनकारक आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी कामगारांच्या दुकानांनाही हा नियम लागू झाला. महापालिकेच्या परवाना विभागात एकदा समक्ष जाऊन आपल्या जागेसाठी आणखी काय लागते ते विचारावे, आणि रस्त्याकडेला गाडा लावायचा असेल तर २०१४ च्या पथविक्रेता कायद्याखालील सर्वेक्षणात आपले नाव आहे का, हेही तिथेच पाहावे. भांडवलासाठी पथविक्रेत्यांना २०२० पासून सुरू असलेली स्वनिधी योजना आणि इतरांना मुद्रा योजनेतील ५० हजारांपर्यंतचे ‘शिशु’ कर्ज, हे दोन मार्ग सावकाराच्या दारापेक्षा केव्हाही बरे.

दोन बाबतींत हयगय चालत नाही. घरगुती वापराचा १४.२ किलोचा गॅस सिलिंडर दुकानात वापरू नये. व्यावसायिक वापराचा १९ किलोचाच घ्यावा. आणि कपबश्या विसळायला ‘पोऱ्या’ ठेवण्याची जुनी रीत पूर्णपणे सोडावी. चौदा वर्षांखालील मुलाला कामावर ठेवणे गुन्हा आहे, आणि शाळेच्या वेळेत पोराच्या हातून चहा घेताना आता गिऱ्हाईकालाही अवघडल्यासारखे होते.

सामान: भांडी, पूड, दूध, पाणी

सुरुवातीला दोन शेगड्या, जाड बुडाची तीन पातेली, दोन किटल्या, कापडी आणि जाळीची गाळणी, खलबत्ता आणि कपांचे तीन संच एवढ्यात दुकान उभे राहते. पितळी पातेले दिसायला सुरेख असते, पण त्याला वेळच्या वेळी कल्हई लागते. कल्हईवाला सहज भेटत नसेल तर स्टीलचेच घ्यावे. काचेचे छोटे ग्लास आणि चिनी मातीच्या कपबश्या दोन्ही ठेवाव्यात, कारण बशीत ओतून फुंकर मारत चहा पिणारी पिढी अजून रोज सकाळी येते आणि बशी दिसली नाही तर नाराज होते. पातळ प्लॅस्टिकच्या कपांवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे. कागदी कपाचा खर्च दर कपामागे नफ्यातून जातो, म्हणून तो फक्त बाहेर नेणाऱ्यासाठी ठेवावा.

चहाची पूड निवडण्यात घाई करू नये. टपरीच्या चहाला लागणारी दाणेदार पूड ‘सीटीसी’ पद्धतीची असते. पान चिरडून, फाडून आणि गुंडाळून गोळीसारखे दाणे करण्याची ही यंत्रपद्धती आसामात १९३० च्या सुमारास निघाली. या दाण्यांमुळे थोड्या पुडीत दाट रंग येतो आणि भरपूर दुधातही चव टिकते. मोठा दाणा सावकाश उतरतो व स्वाद देतो. बारीक भुकटी, म्हणजे डस्ट, पटकन रंग आणि कडकपणा देते. व्यापाऱ्याकडून दोन्हींचे पाव-पाव किलोचे नमुने आणून प्रमाण बदलत बदलत आठवडाभर घरी चहा करावा. मला दोन भाग दाणा आणि एक भाग डस्ट हे प्रमाण मानवले. यार्डात दुकान असते तर मी ते उलटे केले असते. एकदा प्रमाण ठरले की भावात चार रुपये वाचतात म्हणून पूड बदलू नये. सुटी पूड घेताना ओल्या पांढऱ्या कागदावर चिमूटभर टाकून थोड्या वेळाने झटकावी. कागदावर लगेच गडद डाग उमटले तर रंग लावलेली, कदाचित वापरलेली पूड वाळवून विकलेली असण्याचा संभव असतो. पूड घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी, आणि सांगलीत तर हळदीच्या गोदामाशेजारी ती उघडी मुळीच ठेवू नये, कारण चहा आजूबाजूचा वास फार लवकर ओढून घेतो.

दुधासाठी एकाच गवळ्याचा किंवा डेअरीचा रतीब लावावा आणि अडीअडचणीसाठी पिशवीच्या दुधाची दुसरी सोय ठेवावी. म्हशीच्या दुधात स्निग्धांश जास्त असल्याने चहा दाट होतो व पाणी थोडे जास्त पेलतो. गाईच्या दुधाचा चहा हलका होतो. दोन्ही चालतात, फक्त आज हे आणि उद्या ते, असे करू नये. पाण्याबाबत लोक सर्वांत बेफिकीर असतात. कूपनलिकेचे जड पाणी वापरले की चहावर तपकिरी तवंग येतो आणि रंग मळकट दिसतो. पुष्कळदा गिऱ्हाईक दोष पुडीला देते आणि तो असतो पाण्याचा. नळाचे पाणी गाळून वापरावे, ते कमी पडत असेल तर चहापुरते शुद्ध पाणी विकत घ्यावे.

चहा करण्याची रीत

एक लिटर दुधाचा घाणा धरून सांगतो. हे प्रमाण भिंतीवर लिहून लावावे आणि पहिले सहा महिने अंदाजाने काहीही टाकू नये. पातेल्यात ७०० मिलिलिटर पाणी उकळत ठेवावे आणि त्यात साधारण २० ग्रॅम ठेचलेले आले घालून दोन-तीन मिनिटे खळखळ उकळू द्यावे. आले पाण्यातच उकळायचे, याला कारण आहे. कच्च्या आल्यात प्रथिने तोडणारे एक विकर असते, ते दुधात गेले की दूध फाटते. उकळत्या पाण्यात त्याचा जोर नाहीसा होतो. दुकान उघडल्याच्या पहिल्याच आठवड्यात मी घाईने कोमट दुधात आले ठेचून टाकले आणि पाच लिटर दूध डोळ्यांदेखत नासले. बाहेर चौदा माणसे उभी होती.

आले उतरले की ३५ ग्रॅम पूड आणि १२० ग्रॅम साखर घालावी व दोन-तीन मिनिटे उकळावे. दूध शेजारच्या शेगडीवर आधीच तापवून ठेवलेले असावे. थंड दूध ओतले की उकळी बसते, ती परत येईपर्यंत पूड नुसती मुरत राहते आणि चहा तुरट होतो. गरम दूध घातल्यावर तीन वेळा उकळी वर येऊ द्यावी आणि प्रत्येक वेळी पळीने उंचावरून ओतून खाली बसवावी. शेवटच्या उकळीला कुटलेला वेलदोडा आणि हवी असल्यास गवती चहाची दोन पाने टाकून, आच बंद करून मिनिटभर झाकावे. हे सुवासिक पदार्थ आधी घातले तर त्यांचा वास वाफेबरोबर रस्त्यावर जातो आणि कपात काही उरत नाही. मग गाळून किटलीत भरावा. किटलीतला चहा वीस मिनिटांच्या आत संपेल एवढाच एका वेळी करावा, आणि उरलेला पुन्हा उकळून देण्याचा मोह टाळावा. चोथ्यावर दुसरे पाणी ओतणाऱ्याचे दुकान गिऱ्हाइकाला वासावरून ओळखता येते.

गुळाच्या चहाची मागणी आपल्याकडे वाढती आहे, आणि सांगलीत गुळाची पेठ असल्यामुळे माल चांगला मिळतो. फार पिवळाधमक, स्वच्छ दिसणारा गूळ बहुधा रसायने वापरून उजळलेला असतो. गडद तपकिरी गूळ घ्यावा. गुळात किंचित आम्लता असते आणि उकळत्या दुधात तो पडला की दूध फाटण्याची भीती राहते. म्हणून पाणी, पूड आणि गूळ यांचा अर्क एका भांड्यात तयार ठेवावा, दूध दुसऱ्या भांड्यात उकळावे, आच बंद केल्यावर दोन्ही एकत्र करावेत, आणि नंतर ते मिश्रण पुन्हा शेगडीवर चढवू नये. याशिवाय बिनसाखरेच्या चहाचे एक छोटे पातेले सकाळ-संध्याकाळ वेगळे ठेवावे. मधुमेही माणूस आपली आठवण ठेवणाऱ्या दुकानाला सहसा सोडत नाही.

साधा, गुळाचा आणि बिनसाखरेचा या तिन्हींपलीकडे पहिल्या वर्षी काही ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. चॉकलेट चहा, पान चहा, तंदूर चहा अशी वीस नावांची पाटी लावलेल्या दुकानात साधा चहा चांगला मिळाल्याचे मला तरी आठवत नाही. सोबत खारी, बटर, टोस्ट आणि बिस्किटे पुरतात. संध्याकाळी आपल्या भागातले भडंग ठेवले तर ते चहाआधी संपते. पदार्थ वर्तमानपत्राच्या कागदात देऊ नयेत, छपाईची शाई खाण्यात उतरते.

हिशोब

समजण्यासाठी दूध ६० रुपये लिटर, पूड ४०० रुपये किलो आणि साखर ४५ रुपये किलो असे भाव धरू. वरच्या घाण्याला दूध ६०, पूड १४, साखर साडेपाच, आले-वेलदोडा चार आणि इंधन पाच, असे सुमारे साडेअठ्ठ्याऐंशी रुपये पडतात. आटून आणि चोथ्यात राहून दीड लिटर चहा हाती येतो, म्हणजे ७० मिलिलिटरचे २१ कप. एका कपाला सव्वाचार रुपये खर्च आला आणि तो दहा रुपयांना विकला, तर पावणेसहा रुपये उरतात. भाडे ९,०००, मदतनिसाचा पगार १२,०००, वीज १,५०० आणि फुटतूट वगैरे ३,००० असा महिन्याचा बांधील खर्च २५,५०० धरला आणि महिन्यात २६ दिवस दुकान उघडले, तर नुसता खर्च भरून निघायला रोज सुमारे १७० कप विकावे लागतात. स्वतःच्या घरी १५,००० न्यायचे असतील तर हा आकडा २७० च्या आसपास जातो. जागेसमोर उभे राहून मोजलेली माणसे आता या आकड्याशी ताडून पाहावीत, आणि मेळ बसत नसेल तर दुसरी जागा शोधावी. कपाचा आकार वाढवताना हाच हिशोब पुन्हा मांडावा. दहा मिलिलिटर जास्त दिले की घाण्यामागे तीन कप कमी होतात.

उधारी हा या धंद्यातला जुना आजार आहे. ओळखीच्या माणसाला नाही म्हणवत नाही, आणि रक्कम लहान असल्याने मागवतही नाही. माझ्या वहीत एकदा अशी लहान लहान रक्कम जमून साडेसात हजारांवर गेली होती, आणि त्यातले निम्म्याहून अधिक बुडाले. तेव्हापासून मी दोनच मार्ग ठेवले: कार्यालयांना आगाऊ पैसे घेऊन कुपनांचे पुस्तक द्यायचे, आणि व्यक्तीची उधारी दर शनिवारी मिटवायची. ‘अण्णा, आज शनिवार,’ एवढे म्हटले की पुरते; त्यात कुणाचा अपमान होत नाही.

गिऱ्हाईक आणि बैठक

चहा पिण्याची गोडी लावणारी जागा म्हणजे तिथे माणसाला उठवण्याची घाई नसते. बाकडी थोडी ठेवली तरी चालतील, पण दोन वर्तमानपत्रे, पिण्याच्या पाण्याचा माठ आणि पावसात उभे राहता येईल एवढी पुढे आलेली पत्र्याची पडवी असावी. गर्दीच्या तासात बसलेल्यांनी जागा अडवली तर ‘काका, जरा सरकून घेता का’ असे हसून म्हणावे. घड्याळाकडे पाहू नये. राजकारणाच्या चर्चेत मालकाने पडू नये, क्रिकेटच्या चर्चेत अवश्य पडावे. महिलांना निवांत चहा घेता यावा यासाठी सिगारेट-तंबाखू दुकानात ठेवूच नये, असा निर्णय मी पहिल्या वर्षी घेतला. तेव्हा विक्री थोडी घटली, पण पुढे जवळच्या शाळेतल्या शिक्षिका आणि बँकेतल्या बाई मधल्या सुटीत येऊ लागल्या आणि आमची रिकामी दुपार भरली.

कोण कसा चहा घेतो हे लक्षात ठेवणे हे या धंद्यातले खरे कसब आहे. पहाटे येणाऱ्या आबांना कमी गोड आणि बशीसह, गॅरेजवाल्या दादांना कडक अर्धा, मावशींना आले जास्त, हे महिनाभरात पाठ झाले पाहिजे. उन्हाळ्यात दुपारची विक्री पडते तेव्हा ताक किंवा कोकम सरबत ठेवावे. मिरजेत रमजानच्या महिन्यात रात्री दुकान उशिरापर्यंत चालू ठेवण्याचा विचार करावा. पावसाळ्यात दूध वाढवून सांगावे.

रोज पहिला घाणा झाला की पहिला कप मालकाने स्वतः, उभ्याने आणि काही न खाता प्यावा. आदल्या दिवशीपेक्षा रंग, गोडी किंवा आल्याचा झणका वेगळा वाटला तर तो घाणा विकण्याआधी कारण शोधावे. बहुतेक वेळा दूध बदललेले असते किंवा कुणीतरी मोजण्याचे माप धुवायला टाकून साखर हाताने घातलेली असते. रात्री दुकान बंद करताना गाळणी उकळत्या पाण्यातून काढून उलटी टांगावी, दुसऱ्या दिवशीचे आले धुऊन ठेवावे, आणि पहाटे साडेपाचला शटर वर जाईल असा गजर लावून झोपावे.